झडपा, क्षार आणि पॅराशूट : वाचकांचे अंतराळप्रश्न

जुलै २०२५ मध्ये भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून परतले, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत माणसाच्या अंतराळप्रवासाबद्दलचे प्रश्न वाढले आहेत. या वेळी फक्त सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले प्रश्न घेतले आहेत. एकाच आशयाची बरीच पत्रं होती, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : वर्गात आम्ही सांगतो की अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं. एका मुलाने विचारलं, "मग स्थानक पृथ्वीला सोडून निघून का जात नाही?" काय उत्तर द्यावं? (शिक्षिका, कोरेगाव)

मुलाचं बरोबर आहे, बाई. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ८८ टक्के असतं. ते नसतं तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं. आतली माणसं तरंगतात, कारण माणसं आणि स्थानक दोन्ही एकत्र पडत असतात. विहिरीत सोडलेल्या बादलीचा दोर हातातून सुटला, तर बादली आणि तिच्यातला दगड एकाच वेगाने खाली जातात. पाण्याला टेकेपर्यंत दगडाचा भार बादलीच्या बुडावर येत नाही. स्थानकात हीच अवस्था कायम टिकते.

टिकते ती वेगामुळे. स्थानक एका सेकंदात साधारण सव्वाचार मीटर पडतं, पण त्याच सेकंदात ते ७.६६ किलोमीटर पुढे गेलेलं असतं आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाईही तितकीच खाली वळलेली असते. त्यामुळे पडणं चालू राहतं, जमीन मात्र जवळ येत नाही. सातारा ते सांगली सरळ रेषेत ११० किलोमीटर धरले, तर स्थानकाला ते अंतर कापायला पंधरा सेकंदही लागत नाहीत.

वर्गात हे दाखवता येतं. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ खिळ्याने भोक पाडा, त्यावर बोट ठेवून बाटली पाण्याने भरा आणि झाकण काढून ठेवा. बोट काढलं की धार लागते. आता पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बाटली सरळ खाली सोडा. पडताना धार थांबते. डोळ्यांना ते पटकन दिसत नाही, म्हणून खाली उभ्या असलेल्या कुणाला तरी फोनवर स्लो मोशनमध्ये टिपायला सांगा. प्रयोग दोन कारणांनी फसतो. झाकण घट्ट लावलेलं राहिलं तर धार मुळात लागतच नाही, आणि बाटली सोडताना हिसका बसून ती फिरली तर पाणी बाहेर फेकलं जातं.

प्रश्न : संध्याकाळी रानातून परतताना एक ठळक तारा पश्चिमेकडून सरकत आला आणि डोक्यावर आल्यावर एकाएकी विझला. हे काय असावं? पुन्हा कसं दिसेल? (वाचक, विटा)

वर्णनावरून ते अंतराळ स्थानक असण्याची शक्यता मोठी आहे. त्याला स्वतःचा म्हणावा असा उजेड नसतो, त्याच्या सौरपट्ट्यांवर पडलेलं ऊन आपल्याला दिसतं. आपल्याकडे सूर्य मावळलेला असतो, पण ४०० किलोमीटरवर अजून ऊन असतं. चालता चालता स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलं की पाच-दहा सेकंदांत मंद होऊन नाहीसं होतं. तुम्ही पाहिलंत ते हेच.

पुन्हा पाहायचं असेल तर नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' या सेवेत आपलं गाव भरा. वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची अंशांत मिळते. ४० अंशांहून वरची फेरी निवडा. त्याखालची फेरी आपल्याकडे डोंगर, धूर आणि दिव्यांच्या झळाळीत हरवते. वेळ नेहमी सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयापूर्वीच्या दीड-दोन तासांतली असते आणि फेरी फार तर सहा मिनिटांची. स्थानक कधीही पूर्वेकडून येत नाही. नैऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातं. लुकलुकत असेल, तांबडा-हिरवा दिवा दिसत असेल तर ते विमान समजा. स्थानकाचा उजेड एकसारखा असतो आणि चांगल्या फेरीत तो शुक्राची बरोबरी करतो. फोनने फोटो घ्यायचा असेल तर तिपाई हवीच. प्रो मोडमध्ये शटर १० सेकंद आणि आयएसओ ४०० ठेवलं की रेघ उमटते. पावसाळ्यात नाद सोडा, दिवाळीनंतर आकाश साथ देतं.

प्रश्न : १९७९ साली स्कायलॅब पडणार म्हणून गावोगावी घबराट झाली होती, ती आठवते. आता याहून मोठं स्थानक पाडणार असं वाचलं. ते कुठे पडणार? (ज्येष्ठ वाचक, मिरज)

काका, या दोन्हींत मोठा फरक आहे. स्कायलॅब सुमारे ७७ टनांची होती आणि तिला ठरवून खाली आणण्याची सोयच नव्हती. सूर्याची सक्रियता वाढली, त्याने वरचं विरळ वातावरण फुगलं, घर्षण वाढलं आणि ती अंदाजापेक्षा लवकर खाली येऊ लागली. तिला वर ढकलण्यासाठी जे स्पेस शटल वापरायचं होतं, ते वेळेत तयार झालं नाही. ११ जुलै १९७९ रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. कुणाला इजा झाली नाही, तो मात्र नशिबाचा भाग होता.

आताचं स्थानक सुमारे ४२० टनांचं आहे. त्यालाही घर्षण लागतं, पण दर काही आठवड्यांनी यानाची इंजिनं चालवून त्याला पुन्हा वर उचललं जातं. २०३० च्या अखेरीपर्यंत ते वापरायचं आणि नंतर त्यासाठी खास बनवलेल्या यानाने जोर लावून ते दक्षिण प्रशांत महासागरात उतरवायचं, असा बेत आहे. हे यान बनवण्याचं काम नासाने जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं. रशियाचं मीर स्थानक २३ मार्च २००१ रोजी असंच ठरवून त्या महासागरात उतरवलं होतं. तिथला एक बिंदू सर्वांत जवळच्या जमिनीपासूनही २,६०० किलोमीटरपेक्षा जास्त दूर आहे. आपल्या डोक्यावर पडण्याची भीती नको.

त्यानंतर वर कोण राहणार? चीनचं तिआनगाँग स्थानक २०२२ पासून पूर्ण आहे. भारताने स्वतःच्या स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये पाठवायचं आणि स्थानक २०३५ पर्यंत पूर्ण करायचं ठरवलं आहे. दोन यानं अंतराळात एकमेकांना जोडण्याची कला त्यासाठी लागते, ती इस्रोने १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेत साधली.

प्रश्न : शुक्ला यांनी गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस नेला होता. आपली भाकरी, कांदा-लसूण चटणी, तासगावचे बेदाणे नेता येतील का? (गृहिणी, तासगाव)

ताई, बेदाणे आजच नेता येतील. सुकामेवा आहे तसाच पाकिटात बंद करून नेतात. बेदाणा चिकट असल्यामुळे सांडत नाही आणि एका घासात जातो.

भाकरीचं अवघड आहे. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. भाकरी वाळली की मोडते आणि तिचा चुरा खाली पडत नाही, हवेत राहतो. तो डोळ्यांत, नाकात जातो, पंख्याच्या जाळीवर बसतो, यंत्रात शिरतो. याच कारणाने तिथे पावसुद्धा चालत नाही. १९८५ साली मेक्सिकोचे अंतराळवीर रोदोल्फो नेरी वेला यांनी सोबत टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या पातळ पोळ्या, नेल्या, त्या चुरा करत नाहीत हे सर्वांना आवडलं आणि तेव्हापासून पावाची जागा त्यांनी घेतली. त्या न्यायाने आपली मऊ चपाती चालेल, पण ऑक्सिजन काढून टाकलेल्या पाकिटात, नाहीतर तिला बुरशी धरते.

चटणी कोरडी नको. तिथे मीठ पाण्यात आणि मिरपूड तेलात मिसळून थेंबाथेंबाने वापरतात, कारण उडालेली पूड कुणाच्या डोळ्यांत जाईल याचा नेम नसतो. म्हणून कांदा-लसूण चटणी न्यायची तर तेलात कालवून, पिळायच्या ट्यूबमध्ये. आणि ती तिथे खपेल याची आम्हाला खात्री आहे. वजनरहित अवस्थेत अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं, नाक सर्दीसारखं चोंदतं, वास कमी येतो आणि जेवण मिळमिळीत लागतं. अंतराळवीर झणझणीत चवीची मागणी करतात ती यामुळेच.

आपल्याकडे हे काम म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा करते. १९८४ साली राकेश शर्मा यांच्यासाठीही तिनेच पदार्थ बनवले होते.

प्रश्न : अंतराळात लघवीचं पाणी करून पितात हे खरं का? आणि ते यंत्र आमच्या आरओसारखंच असतं का? (शेतकरी, वाळवा तालुका)

खरं आहे, आणि यंत्र आरओपेक्षा बरंच वेगळं आहे. हे उत्तर जरा सविस्तर देतो, कारण माणूस अंतराळात किती काळ राहू शकेल हे रॉकेटपेक्षा या यंत्रावर जास्त अवलंबून आहे.

हिशेब असा. एका माणसाला पिणं, खाणं, स्वच्छता धरून रोज तीन-चार लिटर पाणी लागतं. सात माणसं धरली तर वर्षाला दहा टनांच्या आसपास. एवढं पाणी दर वर्षी रॉकेटने चढवणं परवडत नाही. म्हणून लघवी, घाम आणि श्वासातली वाफ सगळं गोळा होतं.

लघवी टाकीत जाण्याआधी तिच्यात आम्ल आणि क्रोमियमयुक्त रसायन मिसळतात, म्हणजे जंतू वाढत नाहीत आणि अमोनिया सुटत नाही. मग ती फिरत्या ड्रममध्ये जाते. ड्रम फिरवायचं कारण असं की वजनरहित अवस्थेत उकळतं पाणी आणि वाफ आपोआप वेगळी होत नाहीत, पाण्यात बुडबुडे अडकून फेस होतो. ड्रम फिरला की पाणी भिंतीला चिकटतं आणि वाफ मध्ये राहते. आतला दाब कमी केलेला असल्यामुळे कमी तापमानातच वाफ होते. ही वाफ थंड करून मिळालेलं पाणी, त्यात खोलीतल्या हवेची ओल, असं सगळं पुढच्या यंत्रात जातं. तिथे गाळण्या, शोषक थर आणि शेवटी ऑक्सिजनच्या साहाय्याने उरलंसुरलं जाळणारी गरम भट्टी. बाहेर पडणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. आकडा जास्त आला तर पाणी पुन्हा मागे फिरवतात. चांगल्या पाण्यात जंतू होऊ नयेत म्हणून थोडं आयोडीन घालतात.

आता बिघाडाची गोष्ट, ती तुमच्या भागाला लगेच समजेल. हे यंत्र नोव्हेंबर २००८ मध्ये स्थानकात पोचलं. लघवीतलं ८५ टक्के पाणी परत मिळवायचं असा आराखडा होता आणि जमिनीवरच्या चाचण्यांत ते जमलं होतं. वर गेल्यावर वर्षभरातच ड्रममध्ये पांढरा थर धरून यंत्र अडलं. थर कशाचा, तर कॅल्शियम सल्फेटचा. म्हणजे जिप्सम! चोपण जमिनीत तुम्ही पोत्यांनी टाकता तेच. ते आलं कुठून? वजन पडत नसल्यामुळे अंतराळवीरांची हाडं झिजतात, नितंबाच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, आणि ते कॅल्शियम लघवीतून बाहेर पडतं. सल्फेट आलं ते लघवी टिकवण्यासाठी घातलेल्या गंधकाम्लातून. जमिनीवर चाचणी देणाऱ्यांची हाडं शाबूत होती, म्हणून तिथे थर धरला नाही.

तात्पुरता उपाय म्हणून ७०-७५ टक्क्यांवरच थांबायचं ठरलं. जास्त आटवलं नाही तर साका बसत नाही. कायमचा उपाय अगदी साधा निघाला. गंधकाम्लाच्या जागी फॉस्फोरिक आम्ल आणलं, सल्फेट येणंच थांबलं. नंतर उरलेल्या खाऱ्या गाळातूनही पाणी काढणारं यंत्र बसवलं आणि २०२३ मध्ये एकूण पाण्यापैकी ९८ टक्के परत मिळवण्याचा टप्पा गाठला.

हाडांची झीज व्यायामाने कमी करतात. रोज सुमारे दोन तास, पट्ट्यांनी बांधून घेऊन ट्रेडमिलवर धावणं आणि निर्वात सिलिंडरच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने बैठका काढणं. हा व्यायाम एक-दोन दिवस चुकला तर चालतं, सवयीने चुकला तर परत आल्यावर भोगावं लागतं.

प्रश्न : गगनयान २०१८ साली जाहीर झालं. रॉकेट तयार, चंद्रावर उतरून झालं, मग माणूस पाठवायला एवढा उशीर का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, इस्लामपूर)

चंद्रयान-३ ला परत यायचं नव्हतं. उशिराचं अर्धं उत्तर यातच आहे.

गगनयानाचा बेत तीन जणांना तीन दिवस ४०० किलोमीटरच्या कक्षेत नेऊन समुद्रात उतरवण्याचा आहे. वर न्यायला इस्रोचं एलव्हीएम-३ रॉकेट आहे. माणसासाठी त्याचा प्रत्येक टप्पा पुन्हा तपासावा लागला. वरच्या टप्प्याचं सीई-२० इंजिन फेब्रुवारी २०२४ मध्ये माणसासाठी योग्य ठरलं. पण रॉकेट बिघडलं तर माणसांना ओढून दूर नेणारी सुटका यंत्रणा, कुपीतली (माणसं बसतात त्या कक्षातली) हवा, दाब आणि ओल सांभाळणारी यंत्रणा, आणि उतरण्याची व्यवस्था यांतलं माणसासाठी तयार असं काहीच आपल्याकडे आधी नव्हतं.

उतरण्याचंच पाहा. कक्षेतली कुपी सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने हवेत शिरते. हा बहुतेक सगळा वेग पुढच्या उष्णतारोधक ढालीवर खर्ची पडतो. हवेच्या घर्षणापेक्षा कुपीपुढे दाबल्या गेलेल्या हवेनेच उष्णता जास्त होते. उरलेला वेग पॅराशूट काढतात. गगनयानाला ती दहा आहेत. दोन पॅराशूट कुपीचं वरचं झाकण काढून नेतात. मग दोन ड्रोग पॅराशूट कुपीचं हेलकावे खाणं थांबवून वेग कमी करतात. त्यांना सोडून दिल्यावर तीन छोटी पायलट पॅराशूट तीन मोठी पॅराशूट ओढून बाहेर काढतात. मोठ्या तिन्हींपैकी दोन उघडली तरी माणसं सुखरूप उतरतात. समुद्राला टेकताना वेग सेकंदाला सुमारे आठ मीटर उरतो, तो धक्का आसनं झेलतात.

मोठं पॅराशूट एका दमात उघडू देत नाहीत. उघडलं तर कापड फाटेल किंवा माणसांना जबर हिसका बसेल. म्हणून त्याच्या घेराला दोरी ओवून तोंड आवळलेलं ठेवतात आणि काही सेकंदांनी छोट्या स्फोटक कात्रीने ती दोरी कापतात. आता दोनपैकी एका पॅराशूटची दोरी वेळेवर कापली आणि दुसऱ्याची उशिरा, तर? सगळा भार एकावर येतो आणि कुपी तिरकी लोंबकळते. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी झाशीजवळ बबीना इथे हवाई दलाच्या विमानातून कुपीच्या वजनाचा भार टाकून नेमकी हीच चूक मुद्दाम घडवून पाहिली. पॅराशूट टिकली. अशा एकेका शक्यतेसाठी एकेक चाचणी लागते आणि वर्षं जातात.

२१ ऑक्टोबर २०२३ ची सुटका यंत्रणेची चाचणी आठवून पाहा. उड्डाणाला पाच सेकंद असताना संगणकाने रॉकेट रोखलं. कारण शोधून त्याच सकाळी दहा वाजता उड्डाण झालं, कुपी सुटली, पॅराशूट उघडली. पण पाण्यात पडल्यावर कुपी उलटी झाली. आत माणसं असती तर ती डोकं खाली करून पट्ट्यांना लटकली असती. म्हणून पुढच्या कुप्यांना फुगे लावून ती सरळ करण्याची व्यवस्था आली.

दुसऱ्या देशांनी हे धडे जीव गमावून घेतले आहेत. एप्रिल १९६७ मध्ये सोव्हिएत यान सोयुझ-१ चं मुख्य पॅराशूट पेटीतून बाहेरच आलं नाही आणि व्लादिमिर कोमारोव्ह गेले. जून १९७१ मध्ये सोयुझ-११ परतताना, यानाचे भाग सुटे होण्याच्या धक्क्याने हवा खेळती ठेवणारी एक छोटी झडप १६० किलोमीटरहून उंचावर उघडली. कुपी हलकेच, ठरल्या जागी उतरली. आतले तिघेही मृत होते, अंगात दाबाचे पोशाख नव्हते. तेव्हापासून सोयुझमध्ये चढताना आणि उतरताना पोशाख सक्तीचा झाला. शुक्ला यांचंही उड्डाण द्रव ऑक्सिजनची गळती सापडल्यामुळे ११ जून २०२५ वरून पुढे गेलं आणि २५ जूनला झालं. आम्हाला असा उशीर ऐकला की बरं वाटतं.

प्रश्न : दर दोन-चार वर्षांनी कृष्णेला पूर येतो. माणूस अंतराळात पाठवायचा पैसा त्यावर खर्च करायला नको का? (वाचक, सांगलीवाडी)

२०१९ चा पूर पाहिलेल्या माणसाने हा प्रश्न विचारायलाच हवा. खरं तेच सांगतो. पुराचं पाणी कुठपर्यंत पसरलं याचे नकाशे ढगांतून पाहू शकणाऱ्या रडार उपग्रहांमुळे मिळतात, आणि त्यांना माणूस लागत नाही. ३० जुलै २०२५ ला सोडलेला निसार हा तसाच उपग्रह आहे. गगनयानामुळे पूर कमी होईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

गगनयान आणि स्थानकाचा पहिला भाग मिळून २०,१९३ कोटी रुपये मंजूर आहेत. माणशी सुमारे १४४ रुपये, तेही दहा वर्षांत मिळून. हा पैसा थांबवला तर तो आपसूक नदीकाठी येत नाही. उपग्रहांसाठीचा पैसा गगनयानाकडे वळू नये, एवढ्यावर मात्र नागरिकांनी लक्ष ठेवावं, असं आमचं मत आहे.

प्रश्न : मी नववीत आहे. मला अंतराळवीर व्हायचं आहे. मुलींना संधी आहे का? आतापासून काय करू? (विद्यार्थिनी, सातारा)

आहे. भारताच्या पहिल्या तुकडीतले चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत, म्हणून आज सर्वांत पक्का रस्ता तोच. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवंच. मग यूपीएससीची एनडीए परीक्षा: गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमतेला ६०० आणि मुलाखतीला ९००. बहुतेक मुलं लेखी पास होऊन मुलाखतीत मागे पडतात, तेव्हा इंग्रजीत आणि हिंदीत न अडखळता बोलण्याची सवय आतापासून कर. वैमानिकासाठी संगणकावर एक वेगळी चाचणी असते. ती आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून तयारीशिवाय बसू नकोस. डोळे, उंची, पायांची लांबी हेही मोजतात. डोळ्यांची तपासणी यंदाच करून घे. रंग ओळखण्यात अडचण असेल तर दुसरा रस्ता वेळेत धरता येईल.

एनडीएत मुली २०२२ पासून आहेत, पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ पासून तुझ्याच गावात आहे आणि आता सैनिक स्कूल मुलींनाही खुली आहेत.

दुसरा रस्ता विज्ञानाचा. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ विज्ञानाच्या संस्थेत जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणांवर प्रवेश मिळतो. आणि तू नववीत आहेस म्हणून एक गोष्ट लगेच कर: इस्रोचा 'युविका' हा दोन आठवड्यांचा कार्यक्रम फक्त नववीसाठी असतो. नोंदणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये इस्रोच्या संकेतस्थळावर होते. आठवीच्या गुणांना मोठं वजन असतं, विज्ञान प्रदर्शन, खेळ, स्काऊट-गाइडची प्रमाणपत्रंही धरतात. ती शोधून आत्ताच एका फाइलीत लाव.

प्रश्न : मंगळावर माणूस कधी जाणार? दर वर्षी नवी तारीख ऐकतो. (वाचक, कराड)

तारखेवर विश्वास ठेवण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, वेळ. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी साधारण २६ महिन्यांनी एकदा येतात. जायला सहा ते नऊ महिने, परतीची संधी येईपर्यंत तिथे वर्ष-दीड वर्ष मुक्काम, परत यायला पुन्हा तेवढेच महिने. म्हणजे अडीच-तीन वर्षं. अंतराळातला सलग राहण्याचा विक्रम व्हॅलेरी पोल्याकोव्ह यांचा आहे, ४३७ दिवस, तोही पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर.

दुसरी, किरणोत्सर्ग. क्युरिऑसिटी यान मंगळाकडे जात असताना त्यावरच्या यंत्राने दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं एकक) मोजले. येण्याजाण्याचं एक वर्ष धरलं तर साडेसहाशेच्या वर जातात, आणि नासाने अंतराळवीराला सगळ्या कारकिर्दीसाठी ६०० ची मर्यादा घातली आहे. मुक्कामाचा हिशेब यात धरलेलाच नाही.

तिसरी, उतरणं. मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहून विरळ. ढाल तापवण्याइतकी आहे, पण पॅराशूटने जड यान अलगद उतरवण्याइतकी नाही. आजवर तिथे उतरलेली सर्वांत जड गाडी सुमारे एक टनाची. माणसांसाठी काही दहा टन एका वेळी उतरवावे लागतील. परतीचा ऑक्सिजन तिथेच करण्याची सुरुवात मात्र झाली आहे. पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये तिथल्या कार्बन डायऑक्साइडपासून १२२ ग्रॅम ऑक्सिजन केला. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो.

चौथी गोष्ट बातम्यांत येत नाही आणि आम्हाला तीच सर्वांत मोठी वाटते: सुटे भाग. स्थानकातलं पाण्याचं यंत्र अडलं तेव्हा बिघडलेला भाग खाली आणून उघडला, थराची तपासणी केली आणि नवा भाग वर पाठवला. मंगळाच्या वाटेवर हे शक्य नाही. रेडिओ संदेश पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. तिथे नेलेलं प्रत्येक यंत्र चार-सहा जणांनी, जवळच्या सामानात, स्वतः दुरुस्त करता यायला हवं. म्हणूनच आधी चंद्रावर राहून पाहण्याचा विचार आम्हाला योग्य वाटतो. तिथून तीन-चार दिवसांत घरी येता येतं.

तेव्हा मंगळाची पुढची तारीख ऐकाल त्या वेळी एवढंच विचारा, की हवेचं आणि पाण्याचं यंत्र खालून एकही सुटा भाग न मागवता सलग किती दिवस चाललं आहे. तो आकडा हजाराच्या जवळ आला, तर तारखेकडे लक्ष द्यायला हरकत नाही.